चार पाऊण तीन

(गावातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पालकांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना एका पालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, पोरगं सातवीत आहे. दप्तर उचललं तर माझा खांदा दुखतो, म्हणजे शिकवत तर भरपूर असणार. पण संध्याकाळी विचारलं, आज काय शिकलास, तर म्हणतं 'काही नाही'."

हसताय म्हणजे तुमच्याही घरी तेच आहे. माझ्याही घरी तेच होतं, आणि मी स्वतः मास्तर.

तर आज त्या 'काही नाही'त काय काय असतं, त्याबद्दल बोलतो. मी पदवीधर शिक्षक म्हणून सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवलं. आधी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत, मग बदली होऊन घाटावर, साताऱ्यात. आमच्या वडिलांच्या पिढीला सातवीची फायनल म्हणजे केवढा डोंगर वाटायचा. सातवी पास माणूस गावात शहाणा गणला जायचा, मास्तर व्हायचा. आता सहावी ते आठवी म्हणजे नुसता 'उच्च प्राथमिक' नावाचा जिना. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली, तेवढ्यापुरती चर्चा होते. मधल्या पायरीवर पोरगं काय करतं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. बालभारतीची सहावीची पुस्तकं २०१६ साली बदलली, सातवीची २०१७ साली, आठवीची २०१८ साली. किती पालकांनी ती उघडून बघितली? हात वर करू नका, मला कुणाला लाजवायचं नाही.

सातवीचा एक दिवस घ्या. पहिल्या तासिकेला गणित, पूर्णांक संख्यांचा गुणाकार. दुसऱ्या तासिकेला विज्ञान, गती, बल व कार्य. मग मराठी. इतिहासात मराठ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी, त्याच पुस्तकाच्या मागच्या भागात नागरिकशास्त्र आणि संविधानाची उद्देशिका. भूगोलात भरती-ओहोटी. हिंदी, इंग्रजी. शेवटी चित्रकला किंवा कार्यानुभव, जे मार्च महिन्यात गणिताचा मास्तर खाऊन टाकतो. मीही खाल्लेत, खोटं कशाला बोलू.

आता माझी तक्रार ऐका. पोरं एकच गोष्ट आठवड्यात तीनदा शिकतात, आणि ती एकच आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. इतिहासाच्या बाई सांगतात, चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्याच्या सनदा घेऊन आले. पोरं पाठ करतात. शेजारच्या तासाला मी शेकडेवारी शिकवतो: एका दुकानदाराने अमुक रुपयांना टेबल विकलं. एक लाख महसुलाच्या मुलखातून चौथाई आणि सरदेशमुखी मिळून किती, हे गणित मी तीस वर्षांत पहिली अकरा वर्षं घातलंच नाही. पस्तीस हजार. घातलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, मग त्या लोकांकडे राहिलं किती?" हा प्रश्न इतिहासाच्या तासाला निघाला नव्हता.

शब्दांचंही असंच. 'घात' गणितात वरच्या कोपऱ्यात बारीक लिहायचा, इतिहासात तो पाठीमागून होतो. 'समास' व्याकरणात ओळखायचा आणि वहीत डाव्या बाजूला सोडायचा. 'ऋण' म्हटलं की पोरांना वजाचं चिन्ह दिसतं, बापाला सोसायटीचं कर्ज. आणि बाप बरोबर असतो! ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८मध्ये धन-ऋणाचे नियम लिहिले, तेही धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज अशाच शब्दांत. ऋणातून ऋण वजा करायचं म्हटलं की पोरं अडखळतात. "कर्ज माफ झालं तर घरात काय होतं?" असं विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर येतं.

हे कळायला मला रत्नागिरीतल्या एका मुलीने मदत केली. ती सातवीत. मी अपूर्णांकांची उजळणी घेत होतो, तीन चतुर्थांश. ती म्हणाली, "सर, माझा आजा भरती अशीच काढतो." आजा मासेमारी करणारा. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला आठ पाऊण सहा. झालं.

मी म्हटलं, पाऊणपट कशी करतो आजा? तिने उभं राहून सुरात म्हणून दाखवलं: "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." पाऊणकी! अपूर्णांकांचे जुने पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. इथं बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर आत्ता ओळख दिसली बघा. औट म्हणजे साडेतीन, तरुणांसाठी सांगतो.

मग तो तास गणिताचा राहिला नाही. फळ्यावर मांडलं. चांद्रमासात तिथ्या तीस. तेवढ्या दिवसांत भरतीची वेळ सरकत सरकत घड्याळाची चोवीस तासांची एक फेरी पुरी करते. मग एका तिथीला किती सरकते? चोवीस गुणिले साठ, भागिले तीस. अठ्ठेचाळीस मिनिटं. आणि आजाचा नियम सांगतो पाऊण तास, पंचेचाळीस. वर्ग एकदम गप्प झाला. एक पोरगा म्हणाला, "म्हणजे हिचा आजा चुकतो."

मुलीला ते झोंबलं. तिने हिशोब पुढे नेला. दर तिथीला तीन मिनिटं कमी, पौर्णिमेपर्यंत पंधरा त्रिक पंचेचाळीस मिनिटांचा फरक. पण पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदा, पुन्हा एकपासून मोजायचं. चूक साठत नाही! दुसऱ्या दिवशी ती आजाचं उत्तर घेऊन आली: अठ्ठेचाळीसचा पाढा कुणाला येत होता, पाऊणकी सगळ्यांना यायची. आणि वारा असला की पाणी तसंही पुढंमागं होतं, होडी काय मिनिटावर सुटते?

अंदाज किती बारीक हवा आणि तो कशासाठी, हे मी बी.एड.ला शिकलो नव्हतो. त्या मुलीकडून शिकलो. भूगोलाच्या बाईंनी मात्र मला बाहेर गाठलं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीची भांगाची, म्हणजे लहान भरती, हा त्यांचा पुढच्या आठवड्याचा धडा. "माझा धडा तुम्ही घेऊन टाकलात, आता गणिताचा एक तास द्या," म्हणाल्या. दिला. त्यांनी त्या तासात नकाशाचं प्रमाण शिकवलं, ते माझं समप्रमाणच निघालं. तेव्हापासून आम्ही दोघं महिन्यातून एकदा वेळापत्रक मांडून बसायचो, कुणाचं काय कुणात घुसतंय ते बघायला. मुख्याध्यापकांना ते आवडायचं नाही. दैनिक टाचणात, म्हणजे रोज काय शिकवणार ते लिहायच्या वहीत, ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यांचंही बरोबर होतं, रकाना नव्हताच.

पालकांना एक सांगतो, मग शेवटची गोष्ट. 'आज काय शिकलास' विचारू नका. पोराला ते परीक्षेसारखं वाटतं. घरात जे काम चालू असेल ते त्याच्यासमोर काढा. वीजबिल, खताच्या पिशवीवरचे आकडे, बँकेचं पासबुक. सातवीत सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढ. पोरगं स्वतःहून तोंड घालतं की नाही बघा. माझ्या मुलाने घातलं होतं, माझी चूक काढायला.

तर साताऱ्याकडची गोष्ट. विज्ञानाचा तास, विस्थापन. व्याख्या तुम्हीही पाठ केली असेल: सुरुवातीचा बिंदू आणि शेवटचा बिंदू यांच्यामधलं सरळ रेषेतलं कमीत कमी अंतर. मी नेहमीचं उदाहरण दिलं, घरून शाळेत वळसा घालून यायचं. एक मुलगा, एरवी बोलायचा नाही, म्हणाला, "सर, आमच्या पणजोबांच्या भावाचं विस्थापन झालंय."

कोयनेचं धरण. त्यांचं घर धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं आणि त्यांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. घरात हा शब्द त्याने लहानपणापासून ऐकला होता. विज्ञानाच्या पुस्तकात तो दिसला म्हणून तो चमकला होता.

मी महाराष्ट्राचा नकाशा मागवला. प्रमाण एक सेंटिमीटरला वीस किलोमीटर. त्याने पट्टी लावली, साडेनऊ सेंटिमीटर. एकशे नव्वद किलोमीटर, दिशा पूर्वेकडे. "आणि अंतर?" मी विचारलं. तो म्हणाला, ते कसं मोजणार, आधी बैलगाडी, मग ट्रक, मधे दोन वर्षं मेहुण्याकडे काढली. कुणीतरी विचारलं, जमीन कोणी दिली, किती दिली, का दिली. ते नागरिकशास्त्र, माझं नव्हे. मी गप्प राहिलो.

मग तो म्हणाला, "सर, ते परत आले असते तर विस्थापन शून्य?"

पुस्तकाप्रमाणे शून्य, मी म्हटलं. निघालेल्या जागी परत आलं की शून्यच.

"पण तिथं पाणी आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की नुसती जोती दिसतात. मग शेवटचा बिंदू कुठं धरायचा?"

घंटा झाली. इतिहासाच्या बाई दारात उभ्या होत्या, हातात हजेरीपट. मी त्यांना म्हटलं, आत या, हा तास तुमचाच आहे, फळा मात्र पुसू नका.