आमच्या गावात आम्हीच सरकार

"दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभराच्या आसपास घरांच्या गोंड आदिवासी गावाची ही घोषणा आज देशभर ओळखली जाते. ती रोजच्या कारभारात उतरवण्यासाठी या गावाने एकत्र बसण्याची, ऐकून घेण्याची आणि अभ्यास करण्याची जी रीत घडवली, ती या चित्रफितीचा विषय आहे.

समोर सुरू आहे ती ग्रामसभा. प्रत्येक घरातून किमान एक पुरुष आणि एक स्त्री सभेला यावी, असा येथील संकेत आहे. त्यामुळे स्त्रिया मागे उभ्या राहून ऐकताना दिसत नाहीत, त्या वर्तुळात बसून बोलताना दिसतात. येथे हात वर करून मते मोजली जात नाहीत. निर्णय सर्वसहमतीने होतो आणि एखाद्याचा आक्षेप शिल्लक राहिला, तर विषय पुढील बैठकीवर ठेवून त्याच्याशी पुन्हा बोलणे सुरू होते. यात वेळ जातो हे खरे आहे. परंतु मतदानात हरलेली माणसे निर्णयाच्या अंमलबजावणीत मनापासून उतरत नाहीत, हे ज्यांनी गावचा कारभार जवळून पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

सभेइतकाच महत्त्वाचा आहे तो अभ्यासगट. जंगल, कायदा, शासकीय योजना, असा कोणताही विषय घेऊन गावकरी बसतात आणि गरज भासल्यास बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतात. जाणकारांनी माहिती द्यावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यावा, ही मर्यादा येथे काटेकोरपणे पाळली जाते. अधिकाऱ्यासमोर कलम आणि नियम सांगून बोलणारा गावकरी या बैठकांतूनच तयार झाला आहे.

या जागरूकतेची मुळे १९८० च्या दशकातील आंदोलनात आहेत. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांमुळे मोठे वनक्षेत्र पाण्याखाली जाणार होते आणि त्याविरुद्ध परिसरातील आदिवासी एकवटले होते. त्या काळात देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते गावातून पुढे आले आणि आपल्या जंगलाचा निर्णय आपण का घेऊ नये, हा प्रश्न गावात रुजला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला आधार दिला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला; असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक आहे.

आता दिसत आहेत ते बांबूचे बिंडे. हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना वनविभागाच्याच हाती होता. कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या उत्पादनांत, केली असताना तो गावाचा की शासनाचा, हा वाद सुरूच राहिला. ग्रामसभेने कायद्याचे शब्द धरून पाठपुरावा केला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. त्यानंतर बांबूविक्रीचे उत्पन्न ग्रामसभेकडे जमा होऊ लागले आणि गावातच रोजगार उभा राहिला.

मेंढ्याला वनहक्कामुळे वेगळे बळ मिळाले. परंतु सभेत बसण्याचा अधिकार महाराष्ट्रातील प्रत्येक गावाकडे आहे. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे अपेक्षित असते. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडणे आणि विकासकामांचा आराखडा मंजूर करणे ही कामे तिच्यासमोर येतात.

गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालवण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती पुरते. तरीही अनेक गावांत तेवढी माणसे जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्यामुळे मोजक्या उपस्थितांसमोर सगळे विषय मंजूर होतात. घरी राहिलेल्यांच्या नावाने मग इतरच निर्णय घेतात. म्हणून सभेची सूचना लागताच विषयपत्रिका वाचावी, आपला विषय ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावा, लाभार्थ्यांची यादी सभेत मोठ्याने वाचण्याचा आग्रह धरावा आणि झालेला ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवला गेला आहे का, हे स्वतः तपासून घ्यावे.