शेवटचा नळ

सकाळचे सहा. मंगळवेढ्याचं काळं रान, ज्वारी हुरड्याला आलेली. टाकीखाली जलसुरक्षकाची, म्हणजे गावाचं पाणी सांभाळणाऱ्याची, बादली आली. तासाभरात पाणी सुटेल.

बादली प्लास्टिकचीच हवी, लोखंडाला क्लोरीन खातो. टाकी ५० हजार लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर; टाकीला पाव किलो. तेही तराजूवर, ओंजळीच्या अंदाजानं नाही. आधी थोड्या पाण्यात कालवायचं, गुठळी फोडायची. मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. बघा, पावडरीतला चुना कसा तळाला बसतोय. टाकीत जाते ती वरची निवळी. चुना ओतला तर टाकीत नुसता गाळ साचतो. निवळी टाकल्यावर अर्धा तास व्हॉल्व्ह बंद. जंतू मरायला एवढा वेळ द्यावाच लागतो, कितीही घागरी रांगेत असल्या तरी.

पण पाव किलोचा हा हिशेब ताज्या पावडरीचा आहे. तिच्यात क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. आता हे पोतं पाहा. तोंड उघडं, ओल्या भिंतीला टेकलेलं, आत गोळे झालेले. वास गेला की जोर गेला. अशी पावडर मोजून टाकली तरी गावाला संरक्षण नाही. पोतं कोरड्या, अंधाऱ्या खोलीत, फळीवर, तोंड बांधून ठेवायचं. वर्षाचा साठा एकदम आणूच नये.

खरी परीक्षा गावाच्या टोकाला. शेवटच्या नळाचं पाणी थोडं वाहू द्यायचं, मग काचेची नळी भरायची, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब. पिवळा रंग आला की तो क्लोरोस्कोपच्या, म्हणजे तपासणीच्या डबीवरच्या, रंगाशी ताडायचा; क्लोरीन किमान ०.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.२ भाग, हवा. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, हात धुवायचे.

इथं रंग आलाच नाही. टाकीखाली मात्र आला होता. म्हणजे दोष मधल्या पाइपात. हा व्हॉल्व्हचा खड्डा, गटाराला लागून, तुडुंब भरलेला. पाणी सुरू असतं तेव्हा ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या दोरी भरलेल्या जागेतून, बाहेर गळतं. बंद झालं की पाइप रिता होतो आणि हेच घाण पाणी आत ओढून घेतो. अतिसार, कावीळ इथूनच घरात शिरतात.

खड्डा उपसला. ग्लँडची जुनी दोरी काढून नवी भरली, नट आवळले.

दुसरी सकाळ. तोच नळ, तीच नळी, तेच थेंब. रंग चढतोय.