पडद्याची नाकाकडची बाजू

नमस्कार, श्रोतेहो. म्हापशाच्या बाजारातून स्कूटर चालवताना कडेचा माणूस दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा सारखा आपटतो आणि चष्म्याच्या दुकानात मात्र तक्त्यावरची शेवटची ओळ खडखडीत वाचता येते. घरात कुणाचं असं होत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या जरा वर दोन्ही डोळ्यांच्या नसा भेटतात आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) नाकाकडच्या भागातून आलेले तंतू तिथे बाजू बदलतात. पडद्याचा हा भाग कानाकडचं बघतो. ग्रंथीतली गाठ वर सरकली, की दाब नेमका याच तंतूंवर येतो आणि दोन्ही डोळ्यांची कानाकडची नजर जाऊ लागते.

गाठ डोळ्यात दिसत नाही, तिच्या दाबाचा परिणाम दिसतो. ओसीटी म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर मोजणारं यंत्र. त्यावर हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे बघायचं. काही सेकंदांत पडद्याच्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये मिळते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. दाब टिकला, की गँग्लियन पेशींचा, म्हणजे ज्यांचे तंतू नसेतून मेंदूकडे जातात त्या पेशींचा, थर झिजतो, तोही दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूलाच. छापील नकाशात मधोमध उभी रेघ ओढल्यासारखा अर्धा भाग लाल म्हणजे झिजलेला, अर्धा हिरवा म्हणजे ठीक. काचबिंदूतली झीज बहुधा आडव्या रेषेच्या वर किंवा खाली असते. दोन्ही डोळ्यांचे कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत, तर हा फरक निसटतो आणि रुग्ण उगाच काचबिंदूचे थेंब घालत राहतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण काही जणांत ही झीज नजरेच्या परिघाची तपासणी बिघडण्याआधीच दिसलेली असते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. मधुमेहात पडदा तपासावा लागतो, म्हणजे तो तपासून घेणारे आपल्याकडे पुष्कळ. ओसीटी होणारच असेल, तर गँग्लियन थराचा नकाशाही बघा, असं डॉक्टरांना जरूर म्हणा.

ओसीटी चांगली आली म्हणजे ग्रंथी ठीक, असं मात्र नाही. छोटी गाठ नसांपर्यंत पोचतच नाही. पाळी बंद होणं, बाळंतपण नसताना दूध येणं, अंगठी आणि चपला घट्ट होत जाणं, यांकडेही लक्ष हवं. निदान पक्कं होतं ते एमआरआय आणि हार्मोनच्या रक्ततपासणीनेच. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढवणारी गाठ बहुतेकदा गोळ्यांनी आटते, इतर बऱ्याच मोठ्या गाठी नाकावाटे काढतात. थर फार झिजण्याआधी दाब उतरला, तर नजर परतण्याची आशा जास्त. तेव्हा 'चवथ होऊ दे, मग बघू' नको. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल, तर याच आठवड्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जाऊन या.