टेकडीची रांग, दीक्षाभूमीची पुस्तके

(दृश्य: पहाट. टेकडी गणपती मंदिराच्या पायऱ्या, भाविकांची रांग.)

नागपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ, सीताबर्डीच्या टेकडीवर भल्या सकाळी जी रांग लागते, तिच्यात परीक्षेच्या दिवसांत पाठीवर दप्तर अडकवलेली मुले नेहमीपेक्षा अधिक दिसतात. एका हातात दुर्वांची जुडी, दुसऱ्या हातात प्रवेशपत्र आणि ओठांवर रसायनशास्त्रातील सूत्रांची उजळणी. ‘पोरगी एवढी हुशार, तरी नवस बोलते’ असे म्हणणारेही पुष्कळदा याच रांगेत उभे असतात. हा लघुपट त्या वाक्यातील ‘तरी’ या शब्दाविषयी आहे.

या ‘तरी’मागे एक समज दडलेला आहे: बुद्धी वाढली की श्रद्धा कमी व्हायला हवी. हा समज मोजून पाहण्याचे प्रयत्न जवळपास शतकभर चालू आहेत. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मिरॉन झुकरमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली त्या वेळी उपलब्ध असलेले ६३ अभ्यास एकत्र केले. त्यांतील सर्वांत जुना १९२८ सालचा होता. प्रत्येक अभ्यासात एका बाजूला बुद्धिमापन चाचणीचे गुण होते, तर दुसऱ्या बाजूला श्रद्धेचे काही ना काही मोजमाप: देवावर विश्वास आहे का, प्रार्थनास्थळी जाणे किती वेळा होते. ६३ पैकी ५३ अभ्यासांत दोहोंचा संबंध उलटा निघाला, म्हणजे एक वाढले तर दुसरे घटलेले आढळले. सगळ्यांचा मिळून सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे उणे एक ते एक या पट्टीवरचे माप, उणे ०.२४ इतका आला.

‘उणे’ एवढाच शब्द ऐकून ज्यांना आनंद झाला आणि ज्यांना राग आला, त्या दोघांनीही पुढचा आकडा नीट वाचला नाही, असे आम्हांला वाटते. उणे ०.२४ या सहसंबंधाचा अर्थ असा की, माणसामाणसांतील श्रद्धेच्या फरकापैकी जेमतेम सहा टक्के फरक बुद्ध्यांकाशी जोडता येतो. २०२२ साली दुसऱ्या संशोधकांनी ८९ अभ्यास आणि दोन लाखांहून अधिक माणसे घेऊन हीच आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा सहसंबंध उणे ०.१४ वर आला. म्हणजे सुमारे दोन टक्के. शिवाय २०१३ च्या विश्लेषणात घेतलेली बहुसंख्य माणसे अमेरिकेसारख्या पाश्चात्त्य देशांतील होती. त्या मोजपट्टीने बर्डीवरची ही रांग कशी मोजणार?

(दृश्य: सार्वजनिक वाचनकक्ष, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी. कागदावर एक गणित.)

बॅट आणि चेंडू यांची एकत्र किंमत ११० रुपये आहे. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. चेंडू कितीला? मनात पहिल्यांदा येणारे उत्तर दहा. बरोबर उत्तर पाच. पेन क्षणभर थांबते आणि मग आकडा खोडला जातो, तो क्षण येथे दिसतो आहे. शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली मांडलेल्या चाचणीतील हा प्रश्न बुद्ध्यांकापेक्षा वेगळी गोष्ट तपासतो: पहिले उत्तर तपासून पाहण्याची सवय. या प्रश्नांना अंतःप्रेरणेने उत्तरे देणारी माणसे देवावर अधिक विश्वास ठेवतात, असे हार्वर्डमधील संशोधकांना आढळले. २०१२ साली तर विल जर्व्हे आणि आरा नोरेन्झायान या मानसशास्त्रज्ञांनी, फ्रेंच शिल्पकार रोदँचा विचारमग्न माणसाचा पुतळा नुसता पाहिल्यानेही लोकांची श्रद्धा तात्पुरती घटते, असा निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगभर त्याची चर्चा झाली. २०१७ साली कितीतरी मोठ्या गटावर हाच प्रयोग करण्यात आला, तेव्हा पुतळ्याचा काहीही परिणाम दिसला नाही. त्याच जर्व्हे यांनी पुढे भारतासह १३ देशांत पाहणी केली आणि तपासून विचार करण्याची सवय व नास्तिकता यांचा संबंध दुबळा असून देशागणिक बदलतो, हे स्वतःच प्रसिद्ध केले. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावा मान्य करण्याचा हा भाग आम्हांला पुतळ्याच्या प्रयोगापेक्षा मोलाचा वाटतो.

(दृश्य: हिस्लॉप महाविद्यालयाची इमारत. नंतर टाकळी परिसर.)

ज्यांचे नाव या महाविद्यालयाला आहे, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून धर्मप्रसारासाठी नागपुरात आले होते. हाच मिशनरी टाकळीच्या परिसरात काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून गोगलगायी, फळे आणि बिया यांचे जीवाश्म वेचत असे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने प्रसिद्ध केला. १८६३ साली टाकळघाटाहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची उपासना आणि त्यांचे संशोधन यांच्यामध्ये ‘तरी’ घालावा, तर तो कोणत्या बाजूने?

(दृश्य: दीक्षाभूमी. स्तूप, निळे-पंचरंगी ध्वज, पुस्तकांची दालने.)

मात्र बुद्धी आणि धर्म यांच्या नात्याचे नागपूरने पाहिलेले सर्वांत मोठे उदाहरण या स्तूपाच्या जागी घडले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे शिकलेल्या, देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, लाखो अनुयायांसह, येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म अभ्यासण्यात, ताडून पाहण्यात आणि वादविवादात घालवली. धर्म विज्ञानाशी, म्हणजेच बुद्धीशी, सुसंगत असला पाहिजे, ही कसोटी त्यांनी १९५० सालच्या एका लेखात स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली होती. धर्म जन्माने मिळतो, हे ज्या समाजात कुणाला सांगावेही लागत नाही, तेथे एका माणसाने धर्माची परीक्षा घेतली आणि मग तो निवडला. या घटनेचे वर्णन करताना ‘तरी’ हा शब्द वाक्यात कुठेच बसत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ आकड्यांपुरता राहिलेला नाही. ज्या २०१३ साली झुकरमन यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला.

(दृश्य: धम्मचक्र प्रवर्तन दिनाची रात्र. पुस्तकांच्या दुकानांपुढील गर्दी.)

या गर्दीत मूर्ती आणि बिल्ले विकले जातात, तशीच पुस्तकेही हातोहात खपतात. पदराच्या गाठीतून पैसे मोजून देणाऱ्या या आजींनी संविधानाची एक प्रत आणि नातवासाठी पोलीस भरतीचे मार्गदर्शक घेतले आहे. दोन्ही पुस्तके पिशवीत नीट ठेवून त्यांनी स्तूपाच्या दिशेने हात जोडले आणि दर्शनाच्या रांगेचा शेवट कुठे आहे, ते विचारले.