दगडासोबत चिठ्ठी हवीच

नमस्कार श्रोतेहो. सहावी, सातवी, आठवीतल्या मुलामुलींच्या आईबाबांना आणि आजीआजोबांना जरा जास्तच नमस्कार, कारण आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी राज्यात सगळ्यांच्या मागून उघडतात. जूनचा शेवट येतो. पहिला आठवडा पुस्तकं, गणवेश आणि खाकी कव्हरं यातच जातो. मग शाळेच्या फाटकाशी पालक मला गाठतात. आमच्या शाळेत शनिवारी सकाळी भूविज्ञानाचा जोडतास असतो. पुस्तकांमध्ये हा विषय वाटला गेलाय, थोडा भूगोलात, थोडा सामान्य विज्ञानात. आम्ही तो उचलून शनिवारी एकत्र बसवला. आणि पालक विचारतात, "मॅडम, या तासाला लागतं काय? वही कोणती? मार्क कशाचे? उशीर झाला तर कापता का?"

तर वहीपासून सुरू करते. वही एकच, एका बाजूला कोरं पान, दुसऱ्या बाजूला रेघांचं. कव्हर घाला, नका घालू, मी बघत नाही. लिहायचं पेन्सिलीने, पण खोडरबर बंद. पुन्हा सांगते, खोडरबर घरी ठेवायचं. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवं लिहायचं. पहिल्यांदा काय दिसलं होतं, तेही वाचता आलं पाहिजे. कधी कधी पहिलंच बरोबर निघतं.

मार्क निरीक्षणाला आहेत, अक्षराला नाहीत. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातले आकारिकचे, म्हणजे वर्षभरातल्या रोजच्या कामाचे मार्क शिक्षकाच्या हातात असतात, आणि माझ्या हातातले सगळ्यात जास्त मार्क या वहीला जातात. उशिरा दिलेलं काम मी घेते. फक्त उशीर का झाला ते वहीत तारीख टाकून लिहायचं. लग्नाला गेलो होतो, असं लिहा. विसरलो, असं लिहा. मुलगा गैरहजर राहिला तर रात्री दहाला फोन करू नका. साडेसहा कोटी वर्षं थांबलेला दगड आणखी एक शनिवार थांबतो.

प्रकल्पाबद्दल एकच विनंती आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी आणू नका. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, वर फेस. दुकानात तयार मिळतो, बाबा पैसे देतात, आई रात्री अकराला रंगवत बसते आणि सकाळी पोरगं बाहुलीसारखं त्याच्या मागे उभं राहतं. शिवाय आपल्यासाठी तो चुकीचाही आहे. नागपूरच्या पश्चिमेला जो काळा दगड आहे, तो असल्या टोकदार डोंगरातून उडालेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. दख्खनचा बहुतेक काळा पाषाण तसाच झालाय. त्या थर्माकोलच्या पैशात चांगलं भिंग येतं. भिंग घ्या.

आता मुख्य नियम. बाकी सगळं ढिलं चालेल, हा नाही. दगड आणला की दगडासोबत चिठ्ठी हवी. चिठ्ठीवर चार गोष्टी. कुठे सापडला. कधी सापडला. कोणाला सापडला. आणि चौथी, जी सगळे विसरतात, ती म्हणजे कसा सापडला. जागच्या कातळातून निघाला की सुटा पडलेला होता? कुठे, कधी, कोणाला, कसा. चिठ्ठी नसेल तर तो दगड वर्गाच्या कपाटात जात नाही, बाहेर झाडाच्या आळ्यात जातो.

एवढी कडक का, तर आपण नागपुरात राहतो म्हणून. पश्चिमेला काटोल रोडने निघा, काळा दगड. कामठीकडे जा, लाव्हाच्या कितीतरी आधीचा वाळूचा खडक. उमरेडला कोळसा. मनसरला मँगनीज, आणि तिथले खडक तर या सगळ्यांपेक्षा म्हातारे. एसटीच्या तासा-दीड तासाच्या प्रवासात इतकं वेगवेगळं सगळ्यांच्या नशिबी नसतं. पण त्याच कारणाने, दगड कोणत्या दिशेचा हे माहीत नसेल तर अर्धी ओळख तिथेच संपते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. हसू नका. २००५ साली त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं जाहीर झालं, आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं. ते शेण कोणत्या गावचं, कोणत्या थरातलं, हे नोंदलेलं होतं म्हणून. नाहीतर शेण आपल्याकडे काय कमी आहे?

आता गोष्ट सांगते. ही मी इतक्यांदा सांगितली आहे, की सुरू केली की आमच्या स्टाफरूममधले लोक चहाला उठतात. तुम्ही बसा.

आठवीत एक पोरगा होता. नाव सांगत नाही, आता नोकरीला लागलाय, लाजेल. गृहपाठ वेळेवर देणं हा त्याचा प्रांतच नव्हता. प्रत्येकाने पाच दगड आणायचे होते. बाकीच्यांचे आले, ओळखून झाले, कपाटात लागले. हा एका शनिवारी अर्धा तास संपल्यावर आला, खिशातून एकच दगड काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. चिठ्ठी नाही.

मी म्हटलं, "बाकीचे चार?"

म्हणाला, "एवढाच हाय मॅडम. पण चांगला हाय."

चांगला होता. मुठीएवढा, राखाडी, चकमकीसारखा टणक, आणि त्याच्यात गोगलगायींचे शंख. बरेचसे अर्धेमुर्धे, एक मात्र अख्खा, अंगठ्याच्या पेराएवढा. सगळे पोट्टे बाकं सोडून टेबलाभोवती. एक म्हणाला, "समुद्रातला हाय बे!" दुसरा म्हणाला, "नागपुरात कुठं समुद्र?" मी म्हटलं, आधी चित्र, मग बोलणं. हाही आमचा नियम आहे, मघाशी सांगायचा राहिला. आधी चित्र काढायचं, मग बोलायचं.

सगळे चित्र काढायला बसले आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, याचं तोंड उलटं आहे." ती पावसाळ्यात भिंतीवरच्या गोगलगायी गोळा करणारी पोरगी. शंखाचं टोक वर धरा आणि तोंड आपल्याकडे करा. आपल्या बागेतल्या गोगलगायीचं तोंड उजवीकडे येतं. या दगडातल्या सगळ्या शंखांची तोंडं डावीकडे होती. मी चाट. कारण आपल्याकडच्या असल्या दगडातला डाव्या वळणाचा शंख म्हणजे फायसा, गोड्या पाण्यातली गोगलगाय. समुद्राचा प्रश्न मिटला. लाव्हाचा एक थर आला, थंड झाला, त्यावर पाणी साचून तळी झाली, तळ्यांत गोगलगायी आणि मासे आले, काठाने झाडं आली. मग पुढचा लाव्हा येऊन बसला. त्या दोन थरांच्या मधल्या गाळाचा हा दगड. आपल्या टाकळीच्या बाजूला असे शंख, बिया, फळं दीडशे वर्षांहून आधी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सोबती हंटर यांनी गोळा केली होती. हो, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हिस्लॉप. १८४५ साली मिशनरी म्हणून नागपुरात आले आणि धर्माबरोबर दगडही वेचत फिरले.

आता प्रश्न एकच. "कुठून आणला?"

"घराजोळून."

घर शहराच्या दक्षिणेला, नव्या लेआउटमध्ये. शेजारच्या प्लॉटवर जोत्यात भरायला मुरमाचा ढीग टाकला होता, त्यातून हा निघाला. म्हणजे दगड तिथला नाहीच. टिप्परमधून आलेला. पण कुठून?

रविवारी मी, तो, त्याचे बाबा आणि सात-आठ पोट्टे त्या प्लॉटवर. मालक काका बनियनवर पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "मी मुरूम सांगितला होता, पाठवले गोटे. आता तुम्ही आणखी कायची तक्रार घेऊन आल्या?" तक्रार नाही, चौकशी, असं समजावून आम्ही मुरूमवाल्याचा नंबर घेतला. मी फोन लावला, सरळ विचारलं, "तुमचा मुरूम कुठून येतो?" फोन कट. पुन्हा लावला, बंद. मग पोराचे बाबा हसायला लागले. मुरूम हे गौण खनिज, त्यावर सरकारची रॉयल्टी भरावी लागते. मुरूमवाल्याला वाटलं, तहसीलमधून कोणी बाई बोलतेय.

मी हात टेकले. पण हा गृहपाठ न करणारा पोरगा टेकेना. लेआउटच्या कोपऱ्यावर चहाची टपरी होती, तिथे टिप्परवाले थांबत. हा शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचा आणि येईल त्याला दगड दाखवून विचारायचा, "काका, हा कुठला हाय?" (त्या टपरीवर तर्री-पोहेही मिळायचे. तर्रीशिवाय पोहे खाणाऱ्यांबद्दल माझं मत मी राखून ठेवते.) सुरुवातीला ते हसले. मग एक ड्रायव्हर म्हणाला, "दगडात गोगलगाय कशी घुसली बे?" त्याला या पोराने टपरीवरच लाव्हाचे थर समजावले, खाली एक बशी, मध्ये बिस्कीट, वर दुसरी बशी. त्यानंतर ड्रायव्हरलोक बोलू लागले. त्या आठवड्यात गाड्या तीन ठिकाणांहून भरल्या होत्या. एक खाण, एक विहीर, एक इमारतीच्या पायाचं खोदकाम. ढिगात तिन्हींचा माल मिसळलेला.

दगड घेऊन मी एका निवृत्त भूवैज्ञानिकांकडे गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सला आहे, तिथे त्यांची सगळी नोकरी झालेली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दोन लाव्हांच्या मधला, हे नक्की. कोणत्या खड्ड्यातला, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ती थाप होईल."

मग त्या पोराने चिठ्ठी लिहिली. सापडला कुठे, भरावाच्या ढिगात. मूळ ठिकाण, माहीत नाही. कसा, सुटा. आणि खाली, ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची यादी आणि प्रत्येकाने काय सांगितलं ते. प्लॉटमालक, मुरूमवाला (पुढे कंसात: फोन उचलत नाही), टपरीवाला, ड्रायव्हर. आमच्या कपाटातली सगळ्यात लांब चिठ्ठी. पैकीच्या पैकी मार्क दिले.

गोष्ट इथे संपत नाही. दिवाळीच्या सुट्ट्या झाल्यावर त्या बिस्किटाच्या ड्रायव्हरने पोराच्या हाती आणखी एक दगड पाठवला. तसेच शंख, तशीच डावी तोंडं. आणि सोबत काट्याची पावती, गाडीच्या वजनाची. तिच्या मागे निळ्या पेनाने लिहिलेलं: टाकळीकडे पायाचं खोदकाम, तारीख, ड्रायव्हरचं नाव, आणि "खड्ड्याच्या कडेतून स्वतः काढला". कुठे, कधी, कोणाला, कसा. चारही!

वर्गात दंगा. पोट्टे म्हणाले, मॅडम, म्हणजे पहिलाही तिथलाच! पहिल्याच्या चिठ्ठीवर टाकळी लिहा. मी लिहू दिलं नाही. दुसरा टाकळीचा आहे, पहिला तिथला असेल, नसेल. दोघं सारखे दिसतात म्हणून पहिल्याचा पत्ता बदलत नाही. आजही कपाटात दोन्ही शेजारी आहेत, एकावर ठिकाण आहे आणि दुसऱ्यावर "माहीत नाही". त्यावरून तो पोरगा माझ्याशी वर्ष संपेपर्यंत भांडला, आणि मला वाटतं अजूनही त्याचं म्हणणं तेच आहे.

समोरच्या काचेतून घड्याळ दाखवताहेत. राहिलेलं भराभर सांगते.

हातोडी शाळेतच वापरायची, चष्मा लावून, माझ्या समोर. दगडाची कपची डोळ्यात जाते. जुन्या खाणींत पाणी साचलेलं असतं, तिथे मुलांनी जायचं नाही, एकट्यानेही नाही आणि टोळीनेही नाही. पावसाळ्यात नाल्याकाठीही नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना खुद्द हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले. नाले त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहेत, असं समजू नका.

आता काही पालक म्हणतात, शहरात दगड राहिलाच कुठे, सगळे रस्ते सिमेंटचे झाले. खरं आहे, आणि उन्हाळ्यात त्या रस्त्यांवरून चालून बघा, कोणी केले त्यांनाही चालवा. पण ते असो. पायाचं खोदकाम कुठे ना कुठे सुरूच असतं. मालकाला विचारून, मोठ्या माणसासोबत, बाहेर टाकलेल्या ढिगातून घ्या. आणि ढिगातून घेतला तर चिठ्ठीवर ढीग लिहा.

दुसऱ्याच्या दगडाला हसायचं नाही. दगड चाटून बघायचा नाही, मोठे भूवैज्ञानिक बघतात तरी नाही.

येत्या शनिवारी आणायचं ते लिहून घ्या. एक लोखंडी खिळा, दगडावर ओरखडा पडतो का बघायला. जुन्या टाइलचा एक तुकडा, मागची खडबडीत बाजू शाबूत असलेला. तिच्यावर दगड घासला की त्याच्या भुकटीचा खरा रंग दिसतो. अर्धं लिंबू, चुनखडीच्या भुकटीवर पिळून बुडबुडे येतात का बघायला. लिंबू डब्यात ठेवू नका, मागच्या वर्षी निम्मी मुलं ते पोह्यांवर पिळून आली होती. आणि चुंबक. विकत आणू नका, बिघडलेल्या स्पीकरमधला चालतो. नमस्कार.