एमडीच्या पुडीत नक्की असतंय काय?

नमस्कार मंडळी, आज रंकाळ्यावरनं बोलतोय आणि जरा स्पष्टच बोलणार आहे. ओळखीतला एक पोरगा, वय १९, पार्टीत एमडी घेतली, अंग तव्यासारखं तापलेलं, दात गच्च आवळलेले, आणि दोस्तांनी काय केलं तर पोलिसांचं लफडं नको म्हणून त्याला खोलीवर नेऊन झोपवलं. चार तास! वाचला बिचारा, पण त्याच्या आईचा चेहरा अजून डोळ्यापुढनं जात नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, पोरं म्याऊ म्याऊ पण म्हणतात. हे फक्त मुंबईत चालतंय असं समजू नका, २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभचा एमडीचा कारखाना पकडला तेव्हा माल आपल्या शेजारच्या सांगलीतल्या कुपवाडमध्ये पण सापडला होता.

असल्या ड्रगला डिझायनर ड्रग म्हणतात, म्हणजे काय, तर बंदी असलेल्या ड्रगच्या रेणूत थोडा बदल करायचा, म्हणजे कायद्याच्या यादीत नाव नाही. मेफेड्रोन आपल्याकडं यादीत आलं २०१५ ला. पण नवीन रेणू शरीरात काय करतोय हे कुणी तपासलेलंच नसतंय, ती तपासणी होत्या आपल्या पोरांवर.

मेफेड्रोननं नाडी पळते, बीपी चढतं, रक्तवाहिन्या आकसतात, आणि नशा दोन-तीन तासांत उतरते म्हणून परत घ्या, परत घ्या, रात्रभर तेच, मग झोप नाही आणि कुणीतरी मागं लागलंय असं वाटायला लागतं. तरण्या पोराचं हृदय बंद पडू शकतं भावा.

आणि ते स्पाइस, म्हणजे गांजाची नक्कल करणारी केमिकल, "गांजासारखंच हाय की" म्हणतात ते. अजिबात नाही! गांजातलं नशा आणणारं टीएचसी मेंदूतलं बटण अर्धंच दाबतं, यातली बरीच केमिकल पूर्ण दाबतात. वर ते वाळक्या पाल्यावर फवारलेलं असतंय, म्हणजे न ढवळलेला रस्सा, एक वाटी अळणी आणि दुसरीत मीठच मीठ. त्या दुसऱ्या वाटीनं फिट येते, किडनी जाते.

कुणी असं पडलं तर १०८ लावा, कुशीवर वळवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, बेशुद्ध असेल तर तोंडात लिंबूपाणी ओतू नका. व्यसन सुटत नसेल तर १४४४६ ही हेल्पलाइन लावा, फुकट आहे. लघवीच्या साध्या टेस्टमध्ये हे बरेचदा सापडतच नाही, म्हणून डॉक्टरला खरं सांगा, काय घेतलं, कधी घेतलं, वर दारू होती का, आणि पुडी उरली असेल तर तीही खिशात घालून न्या.