चोरी नेमकी कुठल्या क्षणी होते?

जोधपूर, मे 1952. हवाई दलाच्या अकादमीतला एक कॅडेट. त्याचं त्या दिवशीचं ट्रेनिंग डकोटा विमानात होतं, पण हा पठ्ठ्या पहाटेच, कुणाला न विचारता, हार्वर्ड विमान काढतो, सोबत नुकताच अकादमीतून काढून टाकलेला दोस्त, आणि दोघं उतरतात ते थेट पाकिस्तानात! पुढे कराचीतल्या आपल्या हायकमिशनकडे गेले, परत आले, अटक झाली. कोर्टात म्हणणं काय तर चोरायचं नव्हतंच हो, वाट चुकलो.

1957 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही चोरीच. कायमचं ढापायचा इरादा लागत नाही, थोड्या वेळापुरतं नेलं तरी पुरे, फक्त त्यात लबाडी हवी.

तेव्हा कलम होतं 378, इंग्रजांच्या 1860 च्या दंड संहितेतलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 303 आलंय, पण व्याख्या जवळपास तीच. जंगम, म्हणजे हलवता येणारी वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याची संमती नाही, मनात लबाडी, आणि ती वस्तू जागची हलवली. झालं! म्हणजे घरी नेऊन कपाटात लपवेपर्यंत थांबायची गरजच नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय, पाठीवर खजिन्याची पेटी असलेला बैल, पेटी मारायच्या इराद्याने कोणी तो हाकला, तर बैल चालायला लागला की चोरी पूर्ण.

आणि मालकी बघू नका, ताबा बघा. घड्याळ तुमचंच, दुरुस्तीचे पैसे थकलेत म्हणून दुकानदाराने ठेवून घेतलंय, ते पैसे बुडवायला तुम्ही गुपचूप उचललं तर चोर तुम्हीच (हे पण उदाहरण कायद्यातलंच, मी नाय रचलं). उलट रस्त्यात पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी नाही, खिशात घालून पचवली तर मात्र अपहाराचा गुन्हा लागू शकतो.

झाड? जमिनीत उभं आहे तोवर जंगम नाही, तोडलं की जंगम झालं. म्हणून चंदनाच्या खोडावर करवत चालवणाऱ्याची चोरी खोड वेगळं होतं तेव्हाच पूर्ण होते. आकडा टाकून वीज घेणाऱ्यासाठी तर वेगळाच कायदा, 2003 चा वीज कायदा, कलम 135.

साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद. नवीन कायद्यातली एक भर म्हणजे, माल 5000 रुपयांपेक्षा कमी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची.